वर्ग सुटल्यावर बोलायला कुणी नाही

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातील एका खेड्यातून पुण्याला आले असून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकत आहे. वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही, म्हणून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते आणि मेसचा डबा लावला आहे. चार महिने झाले, तरी वर्ग सुटल्यावर ज्याच्याशी बोलावे असे एकही माणूस मला येथे नाही. एकदा प्रयोगशाळेत मी ‘पानी’ म्हणाले तेव्हा शेजारच्या मुली हसल्या आणि तेव्हापासून मी वर्गात प्रश्न विचारणेच सोडले आहे. वडील रोज फोनवर ‘करमतंय का?’ असे विचारतात आणि मी ‘हो’ म्हणते. पुढच्या वर्षी तालुक्याच्या महाविद्यालयात नाव घालावे असे वाटू लागले आहे. महाविद्यालयातले समूहजीवन म्हणतात, ते नेमके असते तरी कुठे, सर?

उत्तर : नाव काढण्याचा निर्णय तुम्ही आताच करू नये, असे मला मनापासून वाटते. तालुक्याचे महाविद्यालय कमी प्रतीचे असते म्हणून मी हे म्हणत नाही. गेले चार महिने तुम्ही तास, प्रयोगशाळा आणि खोली एवढ्यातच वावरला आहात, म्हणजे ज्या महाविद्यालयाला सोडून जाण्याचा विचार करता, त्याची निम्मी बाजू तुम्ही अजून पाहिलेलीच नाही.

तुमचा प्रश्न पुण्याला नवा नाही. वसतिगृहे नव्हती त्या काळी येथे शिकायला आलेली गरीब मुले वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कुणी माधुकरी मागून शिकत. पोट भरे, पण प्रत्येक घासाला मिंधेपणा असे आणि त्या घरात त्या मुलाचे स्थान फक्त जेवणाऱ्याचे असे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी राहण्यास पाठबळ दिले, तेव्हा मुलांना हक्काचे छप्पर मिळाले. कर्मवीर भाऊराव पाटील त्याच्या पुढे गेले. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९मध्ये काढली आणि १९२४मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र राबली आणि एका पंक्तीला जेवली. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु मला त्या बोर्डिंगात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की तेथे मुलगा नुसता जेवणारा राहिला नाही. त्याच्यावाचून अडेल असे काहीतरी काम त्याच्या वाट्याला आले.

कॉट बेसिसच्या खोलीत नेमके हेच नसते. तेथे तुम्ही भाडे देता आणि डबा घेता. तुम्ही एक दिवस आला नाहीत, तर कुणाचे काही अडत नाही. मी अकरा वर्षे एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. त्या काळात एक अतिशय अबोल मुलगा आमच्याकडे होता, तो पहिली सहामाही कुणाशी धड बोलला नाही. मग त्याच्याकडे मेसचा हिशेब आला आणि आठवड्यातून दोनदा पहाटे मार्केट यार्डात जाऊन भाजी आणण्याचे काम आले. तो अबोलच राहिला, पण महिन्याभरात साऱ्या वसतिगृहाला त्याचे नाव माहीत झाले, कारण वांगी महाग झाली की भांडायला सगळे त्याच्याकडेच जात. पुढे तो आजारी पडला, तेव्हा त्याच्या उशाशी आळीपाळीने जागलेली मुले तीच होती.

म्हणून तुमच्या ‘कुठे’ या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे, की जेथे तुमच्या गैरहजेरीची कुणाला अडचण होईल, तेथे ते शोधा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना अनेक संलग्न महाविद्यालयांत चालते. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात थोडा वेळ काम करून मानधन मिळते. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना उद्याच भेटा. राष्ट्रीय सेवा योजनेचाही विचार करा, आणि तुमच्यासाठी मला तीच अधिक योग्य वाटते. १९६९मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला १२० तास काम करावे लागते आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते, ते बहुधा एखाद्या खेड्यात भरते. शहरातल्या मुलींना ज्या गावात पहिल्या दिवशी बावरल्यासारखे होते, तेथे कुणाच्या ओसरीवर कसे बसावे, बायकांशी बोलणे कोठून काढावे, हे तुम्हाला शिकवावे लागणार नाही.

नाटकाची आवड असेल तर आणखी एक दार आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा १९६३पासून चालू आहे आणि भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाज कुणाचा’ ही आरोळी ऐकताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. यंदाची स्पर्धा होऊन गेली असली, तरी महाविद्यालयाचे नाट्यमंडळ वर्षभर काही ना काही करीत असते. रंगमंचावर उभे राहण्याची मुळीच गरज नाही. नेपथ्य उचलणारे, प्रकाशयोजना सांभाळणारे, तालमीला रात्री चहा आणणारे हात त्यांना नेहमीच कमी पडतात. मात्र यांपैकी एकच काम धरा. सगळीकडे नाव घालून प्रात्यक्षिके बुडवणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांचे वर्ष वाया जाताना पाहणे फार क्लेशदायक असते.

राहिला ‘पानी’चा प्रश्न. नरसी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते, आणि ते तुमच्याच जिल्ह्यात आहे. त्या मातीतल्या बोलीची लाज वाटण्याचे कारण नाही. ज्या हसल्या त्यांचे चुकले. वर्गात मात्र पुन्हा प्रश्न विचारायला लागा आणि हवे तर पहिला प्रश्न तास संपल्यावर शिक्षकांना एकटीने विचारा.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा सारखे रडू येत असेल, तर ते केवळ न करमणे नाही, असे समजून महाविद्यालयातील समुपदेशकांकडे जा, किंवा शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. हा क्रमांक निःशुल्क आहे.

आणि वडिलांना आज रात्री खरे सांगा. ‘अजून करमत नाही, पण उद्या महाविद्यालयात काम मागायला जाणार आहे’ एवढे सांगितले तरी पुरे. तुमच्या ‘हो’मागचे त्यांना बहुधा कळलेले असेल, नाहीतर त्यांनी रोज विचारले नसते.