ऑपरेशनला तीन आठवडे उरलेत, आता सिगारेट सोडली तर उलट त्रास होईल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलंय, रोज दहा-बारा सिगारेटी चालू आहेत, आणि शेजारचे काका सांगतात, "ऐनवेळी सोडू नका, कफ उसळतो."

मी गेली बरीच वर्षं भूल देण्याचं काम करतो. काकांचं म्हणणं मी ओपीडीत दर आठवड्याला ऐकतो, आणि ते अगदीच हवेतून आलेलं नाही. १९८९ साली अमेरिकेत बायपासच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात, शेवटच्या आठ आठवड्यांत सिगारेट सोडणाऱ्यांना फुप्फुसाचा त्रास जास्त झालेला दिसला होता. मग आम्ही डॉक्टरही तेच सांगत सुटलो. पुढे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा उशिरा सोडल्यानं धोका वाढतो असं काही ठरलं नाही. सोडल्यावर काहींना थोडे दिवस खोकला वाढल्यासारखा वाटतो, एवढं खरं. त्यामुळे आजच बंद करा.

तीन आठवड्यांत सगळं भरून निघणार नाही. चार आठवडे किंवा जास्त मिळाले असते तर अजून बरं. पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड पहिल्या दिवसभरातच बराचसा निघून जातो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो, म्हणजे रक्तात ऑक्सिजनसाठी जागाच कमी उरते. आणि गंमत अशी, की बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर या दोहोंत फरक करू शकत नाही. सकाळी दोन सिगारेटी ओढून आलेल्या माणसाचा आकडा ९८ दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. मी होत नाही.

हर्नियात मला खरी धास्ती खोकल्याची असते. श्वासनलिकेतला कफ वर ढकलणारे बारीक केस धुरानं लुळे पडलेले असतात. ऑपरेशननंतर पोट दुखतं म्हणून माणूस नीट खोकत नाही, कफ साचतो, आणि मग एकदम खोकल्याची उबळ येते. तो ताण नेमका टाक्यांवर आणि आत बसवलेल्या जाळीवर. शिवाय निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. जाळीत जंतुसंसर्ग झाला तर कधीकधी ती काढावीच लागते, आणि मग पहिल्यापासून सगळं.

डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी गुडघा आणि खुब्याचे सांधे बदलायला आलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी काहींना सहा ते आठ आठवडे आधीपासून सिगारेट सोडायला मदत केली. २००२ मध्ये त्याचे आकडे आले: मदत मिळालेल्यांत गुंतागुंत १८ टक्के, बाकीच्यांत ५२. ऑपरेशन वेगळं, वेळही जास्त मिळालेला, तरी हा फरक मी विसरू शकत नाही.

सिगारेट सोडून तंबाखू मळायला लागले, असं मात्र होऊ देऊ नका. धूर गेला तरी निकोटिन तेच. (मिश्रीचंही तसंच. "मला कसलंच व्यसन नाही, फक्त मिश्री लावते" असं सांगणाऱ्या मावश्या मला रोज भेटतात.) तलफ फार आली तर निकोटिनचा च्युइंगम किंवा पट्टी चालेल का, हे सर्जनला विचारा; सिगारेटपेक्षा ते कधीही बरं. सरकारची मोफत हेल्पलाइनही आहे, १८००-११-२३५६.

ऑपरेशननंतर खोकताना पोटावर उशी घट्ट दाबून धरायची, हे आत्तापासून शिकवून ठेवा. दीर्घ श्वासाचा व्यायामही आजच सुरू करा.

आणि भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा वडिलांना त्यांच्याशी एकटं बोलू द्या. बायकोमुलांसमोर "दोन-तीन ओढतो" म्हणणारा माणूस, ते बाहेर गेले की हळूच "पाकीट संपतं" म्हणतो. मला तो दुसरा आकडा हवा असतो.