वाचकांचे प्रश्न : थाई आई, मराठी वडील आणि मुलांची शाळा

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा असून थायलंडमधील चोनबुरी प्रांतात, वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात अभियंता आहे. पत्नी थाई आहे. तिचे माहेर खोन काएनजवळच्या एका खेड्यात आहे. आम्हाला चार वर्षांचा मुलगा आहे. पत्नीला आधीच्या नात्यातून झालेली अकरा वर्षांची मुलगी आजीजवळ राहून गावच्या सरकारी शाळेत सहावीत शिकते आणि तिला आता आमच्याकडे आणण्याचे ठरले आहे. कारखान्यातील भारतीय सहकाऱ्यांची मुले इंटरनॅशनल शाळेत जातात आणि माझ्या मुलालाही तिथेच घालावे असा त्यांचा आग्रह आहे. त्यांची फी कंपनी भरते; माझी नेमणूक स्थानिक करारावर असल्याने मला ती सवलत नाही. माझा पगार दरमहा एक लाख वीस हजार बाट आहे. सरकारी शाळा मोफत असताना एवढा खर्च कशाला, असे पत्नीचे म्हणणे आहे. पुढेमागे भारतात परतण्याचा विचार मी पूर्णपणे सोडलेला नाही. अशा परिस्थितीत काय करावे?

– एक वाचक, चोनबुरी

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांची मुले आणि आपला मुलगा एकाच वसाहतीत खेळत असले, तरी शाळेच्या दृष्टीने त्यांची गणना एकत्र करता येत नाही. ती मुले परदेशी नागरिक आहेत. वडिलांची बदली झाली की तीन-चार वर्षांत ती पुण्याला, चेन्नईला किंवा आणखी कुठे जातील आणि म्हणून कुठेही पुढे चालू ठेवता येईल असा अभ्यासक्रम त्यांना हवा असतो. आपला मुलगा आईच्या नात्याने जन्मतःच थाई नागरिक आहे. मोठेपणी त्याला थाई बँकेत, थाई कचेरीत आणि कदाचित आजोळच्या शेतजमिनीच्या कागदपत्रांत वावरावे लागेल. थाई भाषा तो घरी आपोआप बोलेलच, पण चव्वेचाळीस व्यंजनांची आणि पाच सुरांची ती लिपी सफाईने वाचायला-लिहायला शाळेतच शिकावे लागते. म्हणून माझ्या मते आपला पहिला प्रश्न फीचा नसून, अठराव्या वर्षी या मुलाला कोणत्या भाषेत परीक्षा देता आली पाहिजे, हा आहे.

आता पत्नीच्या मुद्द्याकडे वळू. थायलंडमध्ये नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे आहे आणि 2009 पासून अनुबान म्हणजे बालवर्गापासून मत्थयोम सहा म्हणजे आपल्या बारावीपर्यंतची पंधरा वर्षे सरकारी धोरणाने मोफत आहेत. शिकवणी फी, पुस्तके, गणवेश, लेखनसाहित्य आणि उपक्रम यांसाठी सरकार पैसे देते. प्राथमिकपर्यंत दुपारचे जेवण आणि दूधही मिळते. तरीही मोफत शाळेला पैसे लागतातच, हे आपल्या पत्नीला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. गणवेशासाठी मिळणारी रक्कम एखाद्या जोडाला पुरते. बऱ्याच शाळांत प्रत्येक सदऱ्यावर मुलाचे नाव भरतकामाने काढून घ्यावे लागते, खेळाच्या दिवसाचा वेगळा टी-शर्ट असतो आणि आठवड्यातून एक दिवस स्काउटचा पोशाख, त्याचा स्कार्फ, पट्टा आणि टोपीसह, घालावा लागतो. त्यात मुलांना घरून नेणाऱ्या व्हॅनचे मासिक भाडे आणि शाळेनंतरची खासगी शिकवणी धरली, की वर्षाला पंधरा-वीस हजार बाट सहज होतात. आपल्या पगाराला हा भार काहीच नाही. सरकारी शाळेची खरी उणीव दर्जातील तफावतीत आहे. शहरातील नामांकित शाळेत प्रवेशासाठी चढाओढ असते, तर पटसंख्या एकशे वीसच्या आत असलेल्या खेड्यातील लहान शाळेत एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळताना दिसतो.

इंटरनॅशनल शाळांचा हिशेब एका वर्षाच्या फीवरून करू नये. बँकॉकमधील पहिल्या फळीच्या शाळांत, उदाहरणार्थ 1951 मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल स्कूल बँकॉकमध्ये किंवा 1957 च्या बँकॉक पटानामध्ये, वरच्या वर्गांची वार्षिक फी दहा लाख बाटच्या घरात किंवा त्याच्याही वर जाते. चोनबुरी आणि रायोंग या पूर्व किनाऱ्यावरच्या औद्योगिक पट्ट्यात परदेशी तंत्रज्ञांमुळे अशा शाळा बऱ्याच उभ्या राहिल्या आहेत. तिथे मध्यम शाळेचा आकडा अडीच ते पाच लाखांच्या दरम्यान असतो. याशिवाय बहुतेक शाळा प्रवेशाच्या वेळी एक मोठी रक्कम घेतात, जी परत मिळत नाही. बस, जेवण, परीक्षा शुल्क आणि सहली वेगळ्या असतात आणि फी जवळजवळ दरवर्षी वाढते. वाढ अजिबात धरली नाही आणि चार लाखांची शाळा घेतली, तरी पंधरा वर्षांचे साठ लाख बाट होतात. बाट साधारण अडीच रुपयांचा धरला, तर हे दीड कोटी रुपये झाले. आपले वार्षिक उत्पन्न, कर वजा जाण्यापूर्वी, चौदा लाख चाळीस हजार बाट आहे. म्हणजे एका मुलाच्या फीसाठी चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागेल आणि मुलीसाठी तोच मार्ग आपोआप बंद होईल. स्थानिक करारावरची नोकरी गेल्यास सातवी-आठवीत शिकणारा मुलगा थाई माध्यमात बसवणे अतिशय कठीण जाते, याचाही विचार आजच करावा. थाई नागरिक असलेल्या विद्यार्थ्यांना इंटरनॅशनल शाळेतही थाई भाषा आणि संस्कृती सक्तीने शिकावी लागते, हे खरे. परंतु आठवड्याच्या त्या मोजक्या तासांत विज्ञानाचे पुस्तक थाईमध्ये वाचता येईल इतकी तयारी होत नाही.

आपल्यासारख्या घरासाठी मला मधली वाट अधिक शहाणपणाची वाटते. सरकारी शाळांतच इंग्लिश प्रोग्रॅम नावाचे वर्ग असतात, ज्यांना सगळे ईपी म्हणतात. अभ्यासक्रम थाई मंत्रालयाचाच असतो; थाई भाषा आणि थाई समाजाशी निगडित विषय थाईत, तर गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे विषय इंग्रजीतून, बहुधा परदेशी शिक्षक शिकवतात. त्याची फी खालच्या वर्गांत सत्राला पस्तीस हजार बाटच्या आसपास, म्हणजे दोन सत्रांची सत्तर हजार पडते; कमी तासांच्या मिनी इंग्लिश प्रोग्रॅमला साधारण त्याच्या निम्मी. खासगी क्षेत्रात सारासाससारख्या द्विभाषिक शाळांचे जाळे आहे आणि तिथे वर्षाला ऐंशी हजारांपासून दोन लाखांपर्यंत खर्च येतो. आपल्या भागात सी राचा येथे 1944 पासूनचे असम्प्शन कॉलेज आहे, जे नावाने कॉलेज असले तरी मिशनरी परंपरेतील शाळाच आहे. बांग साएनला बुरफा विद्यापीठाशी संलग्न प्रायोगिक शाळा आहे. अशा शाळांना थाईमध्ये साथित म्हणतात आणि शिक्षित थाई पालक त्यांच्या प्रवेशासाठी मुलांना बालवर्गापासून शिकवण्या लावतात.

यांपैकी कोणतीही शाळा माहितीपत्रकावरून निवडू नये. प्रत्यक्ष जाऊन सरत्या वर्षी किती परदेशी शिक्षक मध्येच सोडून गेले, हे विचारावे. दुसरी-तिसरीच्या मुलांच्या थाई श्रुतलेखनाच्या वह्या पाहायला मागाव्यात. त्या आपल्या पत्नीने चाळाव्यात, कारण त्या वहीतून तिला जे कळेल ते आपल्याला आणि मला कळणार नाही. मागच्या वर्षी बाहेर पडलेले विद्यार्थी कुठल्या विद्यापीठात गेले, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. ईपीमधून उत्तम इंग्रजी घेऊन निघालेला मुलगा पुढे नववी-दहावीच्या सुमारास इंटरनॅशनल शाळेत जाऊ शकतो किंवा चुलालोंगकोर्न, महिडोल, थम्मासात अशा विद्यापीठांच्या इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रमांकडे वळू शकतो. उलट दिशेचा प्रवास मात्र फार थोड्यांना जमतो.

मुलीबाबत आपण एकच ओळ लिहिली आहे, पण माझ्या दृष्टीने अधिक निकडीचा प्रश्न तिचाच आहे. ती सहावीत आहे, म्हणजे येत्या मे महिन्यात तिला मत्थयोम एकमध्ये म्हणजे सातवीत प्रवेश घ्यावा लागेल आणि त्याच्या प्रवेशप्रक्रिया आधीच्या मार्च-एप्रिलच्या सुमारास उरकतात. जवळच्या सरकारी शाळेत परिसरातील मुलांना जागा मिळते, पण त्यासाठी तिचे नाव चोनबुरीतील निळ्या थबियन बानमध्ये, म्हणजे घरनोंदणीच्या पुस्तकात, चढलेले असावे लागते आणि मागणी असलेल्या शाळा ते नाव किती काळापूर्वी चढले हेही पाहतात. म्हणून अम्फोच्या, म्हणजे तालुक्याच्या, कचेरीतील हे काम पत्नीने याच महिन्यात उरकावे. तिचे पहिले लग्न नोंदलेले नसेल, तर मुलीचे पालकत्व एकट्या आईकडे असल्याचा दाखलाही तिथूनच घ्यावा. चोनकन्यानुकूनसारख्या नामांकित माध्यमिक शाळेसाठी प्रवेश परीक्षा असते. खेड्यातील शाळेतून आलेल्या मुलीने ती द्यावी, पण भिस्त तिच्यावर ठेवू नये. काही ठिकाणी प्रवेशासाठी ‘पे चिया’ म्हणजे देणगीच्या नावाखाली पैसे मागितले जातात. ते देऊ नयेत. ते बेकायदेशीर आहे आणि एकदा दिले की मागणी थांबत नाही. साध्या वर्गात प्रवेश घेऊन इंग्रजीची चांगली शिकवणी लावली, तर दोन वर्षांत ती ईपीच्या मुलांजवळ पोचू शकते. एकाच घरातील धाकट्यासाठी चार लाख आणि थोरलीसाठी पंधरा हजार, हा फरक तिच्या डोळ्यांसमोर रोज राहील. आपण तिला घरी आणत आहात, तेव्हा दोघांच्या शाळांचा खर्च एकाच वहीत मांडावा.

भारतात परतण्याविषयी कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मुलाकडे थाई पासपोर्ट असेल तर त्याला ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हे कार्ड काढावे लागेल. शालेय शिक्षणात त्याची फारशी अडचण येत नाही, मात्र 4 मार्च 2021 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार नीट, जेईई यांसारख्या परीक्षांतून केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर ओसीआयधारकाचा हक्क नाही. त्याला अनिवासी भारतीयांच्या किंवा अतिरिक्त जागांवरच प्रवेश मिळतो आणि त्यांची फी जबर असते. म्हणजे मुलगा स्वस्तात पुण्याला इंजिनिअर होईल, हे गृहीत धरून आज शाळा निवडण्यात अर्थ नाही. मुलीला सावत्र वडिलांच्या नात्याने ओसीआय मिळत नाही. परदेशी बारावी घेऊन भारतीय विद्यापीठात जायचे झाल्यास असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचे समकक्षता प्रमाणपत्र लागते.

आपण विचारलेले नाही, पण मुलगा थाई असल्याने एक गोष्ट सांगणे भाग आहे. थाई पुरुषांना एकविसाव्या वर्षी एप्रिलमध्ये लष्करी भरतीच्या सोडतीला हजर राहावे लागते. हातात लाल चिठ्ठी आली तर सेवा, काळी आली तर सुटका. मत्थयोम चार ते सहा, म्हणजे दहावी ते बारावी, या तीन वर्षांत रोर दोर हे राखीव दलाचे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांना या सोडतीतून सूट मिळते. वरच्या वर्गांची शाळा निवडताना तिथून हे प्रशिक्षण घेता येते का, हे विचारून घ्यावे. शेवटी, आपला विवाह अम्फोमध्ये नोंदलेला आहे ना, याची खात्री करावी. नुसते देवळातले लग्न थाई कायद्याला पुरत नाही. नोंदणी नसेल तर मुलाची कायदेशीर पालक एकटी आई ठरते आणि शाळेच्या कागदावर आपली सही केवळ शोभेची राहते.

प्रश्न : माझा मुलगा बँकॉकला असतो, सून थाई आहे. सहा वर्षांच्या नातीच्या शाळेवर ते वर्षाला साडेचार लाख बाट खर्च करतात. त्यापेक्षा तिला कोल्हापुरात आमच्याजवळ ठेवावे, इथल्या चांगल्या शाळेत दहावीपर्यंत शिकेल आणि मराठीही येईल, असे आम्हा दोघांना वाटते. मुलाला कसे पटवावे?

– एक आजी, कोल्हापूर

उत्तर : मावशी, पटवू नये असे मला वाटते. पैशांचा आपला हिशेब बरोबर आहे, परंतु सहा वर्षांची मुलगी आईपासून दूर ठेवून ती बचत करण्यासारखी नाही आणि नात ज्या देशाची नागरिक आहे तिथली लिपी तिला मग कधीच धड येणार नाही. फीबद्दल मुलाशी जरूर बोला. बँकॉकमध्ये याच्या तिसऱ्या हिश्शात चांगल्या द्विभाषिक शाळा आहेत आणि सूनबाईंना त्या माहीत असतील. मराठीसाठी दुसरा मार्ग आहे. थाई अभ्यासक्रमाच्या शाळांना मार्चअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत मोठी सुटी असते, त्यातल्या मेच्या दिवसांत आपल्याकडची नातवंडेही सुटीवर असतात. इंटरनॅशनल शाळांची मोठी सुटी जुलैच्या आसपास येते आणि तेव्हा इथल्या शाळा सुरू झालेल्या असतात. शाळा बदलली, तर दरवर्षी सहा आठवडे नात आपल्याकडे, आपल्या इतर नातवंडांबरोबर राहू शकेल. तिकिटाचा खर्च आपण करावा आणि ओसीआय कार्ड काढले नसेल तर त्याचा अर्ज मुलाने आताच करावा.