मे महिन्यात दोन घरं मिळून कोकणात चाललोय. मुलं ७, १३ आणि १५ वर्षांची, त्यात मोठी मुलगी. तयारी काय करावी?

तारखा पक्क्या करायच्या आधी मोठ्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, त्या दिवसांत तिची पाळी येते का. सगळ्यांसमोर नको. बॅगा नंतर भरा.

मी विचारलं नव्हतं.

आम्ही ११ जण पुण्याहून टेम्पो ट्रॅव्हलर करून देवगड, मालवण, वेंगुर्ला असे निघालो होतो. तारखा दिरांच्या रजेप्रमाणे ठरल्या, देवळांची यादी सासूबाईंनी केली. लेक तेव्हा १४ वर्षांची. तिला एकच गोष्ट बघायची होती: आरवलीच्या वेतोबाला वाहतात त्या भल्यामोठ्या चपला. वेतोबा रात्री त्या घालून गावाची राखण करतो आणि त्या झिजतात, हे तिने मैत्रिणीकडून ऐकलं होतं.

गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा ती कानात म्हणाली, "आई, आली." माझ्या पर्समध्ये दोनच पॅड. तिथल्या संडासाला कडी नव्हती, मी बाहेरून दार धरून उभी राहिले. जाऊबाईंना कळलं, त्यांच्याकडून सासूबाईंना. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाळा, तू देवळात नको येऊस हं." कुणकेश्वरला ती गाडीत बसली, आरवलीलाही. मे महिन्याचं ऊन, एसी बंद. आम्ही दर्शन, प्रसाद, फोटो उरकून तासाभराने परतलो. पुतण्याने हात पसरून चपला केवढ्या होत्या ते दाखवलं, ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला तिच्याजवळ थांबता आलं असतं. सासूबाईंना हाताला धरायचं होतं म्हणून गेले, असं मी बरीच वर्षं सांगत आले. खरं म्हणजे मला वाईटपणा घ्यायचा नव्हता.

जाऊबाई आजही म्हणतात, "तिने आधीच सांगायला हवं होतं." काका तारखा ठरवत बसलेले असताना १४ वर्षांच्या पोरीने काय सांगायचं? पुढच्या वर्षी त्यांनी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सुचवल्या. मी नाही म्हटलं, तुम्हीही म्हणा. त्या हार्मोनच्या गोळ्या असतात, दुकानातून आणून द्यायची वस्तू नव्हे. गरज पडलीच तर डॉक्टरांना विचारा. सहलीची तारीख मात्र कुणालाही न विचारता बदलता येते.

दोन वर्षांनी आम्ही दोघीच रेल्वेने सावंतवाडीला उतरून आरवलीला गेलो. तिने चपला डोळे भरून बघितल्या. तुम्ही रेल्वेने जाणार असाल तर आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, जुने १२० दिवस धरून चालू नका. ५ ते १२ वयाच्या मुलाचं अर्धं तिकीट काढलं तर बर्थ मिळत नाही, तेव्हा रात्रीच्या गाडीला ७ वर्षांच्याचं पूर्ण काढा. गाडीने जाणार असाल तर घाट उतरताना त्याला पुढच्या रांगेत बसवा, पोट तुडुंब भरू देऊ नका, हातात मोबाईल देऊ नका. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या मेअखेरीस पावसाळ्यासाठी बंद होतात, म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच जा.

मोठीच्या सॅकमध्ये पॅडचं अख्खं पाकीट, जास्तीचे आतले कपडे, जुनी वर्तमानपत्रं आणि काळ्या पिशव्या ठेवा. १३ वर्षांची मुलगी असेल तर तिच्याही सॅकमध्ये, अजून पाळी सुरू झाली नसली तरी. वाटेतले संडास घाण म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. दर दोन तासांनी बऱ्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवायची, हे ड्रायव्हरला निघतानाच सांगा.

या वयात पाळी नियमित नसते, त्यामुळे तारीख विचारूनही चुकू शकते. म्हणून ती वाटेत आली तर मुलीजवळ कोण थांबणार, हे घरून निघायच्या आधी ठरवा. तुमच्या घरी पाळत नसतील तर प्रश्नच नाही. आमच्याकडे अजून पाळतात, सासूबाई आहेत तोवर मी ते मोडणार नाही. पण आता घरातली जी मुलगी गाडीत बसते तिच्याजवळ मी बसते, आणि सासूबाईंना देवळात जाऊबाई नेतात.