ल्युसिंडा विल्यम्स ऐकायला कुठून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की मित्रानं पाठवलेलं अमेरिकन गायिका-गीतकार ल्युसिंडा विल्यम्सचं 'राइट इन टाइम' हे गाणं ऐकलं, दोन दिवस तेच लावून बसलात, आणि आता तिचे पंधराच्या वर अल्बम समोर बघून कुठून शिरावं ते कळत नाही. गाण्यांतलं इंग्रजी सगळं समजत नाही, हीही अडचण तुम्ही सांगितलीय. मी ल्युसिंडा ऐकायला लागलो ते ह्यूस्टनला राहायला आल्यावर, त्याला वीस वर्षं होत आली. तेव्हा माझ्या अनुभवानं सांगतो.

पहिल्या अल्बमपासून ओळीनं ऐकत येऊ नका. 1979 चा पहिला अल्बम म्हणजे तिनं गायलेली इतरांची जुनी ब्लूज आणि कंट्री गाणी, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांची आणि खेड्यापाड्यांतली गाणी. ती गोडी नंतर लागते. तुमचं गाणं ज्या अल्बमचं पहिलं गाणं आहे, तो 1998 चा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' आधी पूर्ण ऐका. तेरा गाणी, आहेत त्याच क्रमानं, शफल बंद ठेवून. या एका अल्बमसाठी तिनं कितीतरी वर्षं घालवली. ऑस्टिनला गिटारवादक गर्फ मॉर्लिक्सबरोबर केलेलं रेकॉर्डिंग मनासारखं वाटेना, म्हणून नॅशव्हिलला गायक स्टीव्ह अर्ल आणि निर्माता रे केनेडी यांच्याबरोबर पुन्हा केलं, आणि शेवटचा हात लॉस एंजेलिसला कीबोर्डवादक रॉय बिटननं फिरवला. एवढ्या हातांतून जाऊनही कुठे जोड दिसत नाही.

त्यातलं शीर्षकगीत माझ्या फार जवळचं आहे. जॉर्जियातल्या मेकनमधल्या एका घराचं स्वयंपाकघर, रेडिओवर कंट्री गायिका लोरेटा लिन, कॉफीचा आणि अंड्यांचा वास, मोठ्या माणसांची धुसफुस, आणि मग गाडीच्या मागच्या सीटवर बसवलेलं चार-पाच वर्षांचं मूल. खाली खडीचा रस्ता करकरतोय. माझ्या वडिलांची नोकरी बदलीची. सामान बांधून ठेवलेलं घर, आईचा न बोलता चाललेला राग, आणि आपल्याला कुणी काहीच सांगत नाही हे मला या गाण्यात जसंच्या तसं सापडलं. ल्युसिंडाचे वडील मिलर विल्यम्स हे कवी आणि प्राध्यापक. नोकरीपायी त्यांचं बिऱ्हाड लुइझियाना, मिसिसिपी, जॉर्जिया, आर्कान्सा, मध्येच चिलीतल्या सांतियागोला असं फिरत राहिलं. ती मुलाखतींत सांगते की हे गाणं ऐकल्यावर वडील तिच्याजवळ आले आणि त्यांनी तिची माफी मागितली. मागच्या सीटवरचं ते मूल आपणच, हे तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

मग 1988 चा अल्बम घ्या, ज्याला नुसतं तिचंच नाव आहे. त्याआधी लॉस एंजेलिसच्या कंपन्यांना ती फार कंट्री वाटायची आणि नॅशव्हिलच्या कंपन्यांना फार रॉक. शेवटी रफ ट्रेड या पंक संगीतासाठी ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश कंपनीनं तो अल्बम काढला. तिच्या संगीताला ऑल्टरनेटिव्ह कंट्री, म्हणजे कंट्री आणि रॉक यांच्या मधलं संगीत, म्हणतात; ते म्हणजे काय, हे या एका गोष्टीतून कळतं. यातलं 'पॅशनेट किसेस' पुढे कंट्री गायिका मेरी चेपिन कार्पेंटरनं गाऊन गाजवलं आणि गीतकार म्हणून ल्युसिंडाला ग्रॅमी मिळालं. पण तुम्ही थांबा ते 'साइड ऑफ द रोड'पाशी. एक बाई आपल्या माणसाला गाडीतच थांबायला सांगते आणि एकटी शेतात जाऊन उभी राहते. भांडण नाही, काही नाही. तो तिथे आहे हे तिला माहीत असायला हवंय, आणि तरी घटकाभर एकटंही असायला हवंय. लग्न झालेल्या प्रत्येकाला कळेल असं हे गाणं आहे, आणि ते इतक्या साध्या शब्दांत मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

1992 चा 'स्वीट ओल्ड वर्ल्ड' मन थाऱ्यावर असताना ऐका. त्यातलं 'पिनिओला' हे फ्रँक स्टॅनफर्ड या तरुण कवीच्या आत्महत्येवरून आलंय. तो तिच्या घरच्यांच्या ओळखीतला होता. गाण्यात ती रडत नाही, फक्त कोण आलं, कुठे उभं राहिलं ते सांगत जाते, आणि म्हणूनच ते सहन होत नाही.

पुढचं जरा भराभर सांगतो. 2001 चा 'एसेन्स' संथ आणि कमी शब्दांचा आहे, पहिल्यांदा ऐकताना निराशा होऊ शकते, तरी सोडू नका. 2003 चा 'वर्ल्ड विदाउट टियर्स' माझ्या मते तिचं दुसरं शिखर. 2007 चा 'वेस्ट' आईच्या मृत्यूनंतरचा. 'लिटल हनी' मागे राहिला तरी चालेल. 2016 चा 'द घोस्ट्स ऑफ हायवे 20' मात्र रात्री एकट्यानं ऐका, बिल फ्रिझेल आणि ग्रेग लीझ यांच्या गिटारी एकमेकींना वाट देत चालतात. इथे आवाज जड झालाय, शब्द ओढत येतात. तो दोष मानू नका. 2020 मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून गिटार वाजवता येत नाही, तरीही 2023 मध्ये तिनं नवी गाणी आणली आणि मंचावर नुसती माइकपाशी उभी राहून ती गातेय.

आता इंग्रजीचं. तिची भाषा मुळात सोपीच आहे, अडतं ते गावांच्या नावांपाशी. म्हणून ऐकताना नकाशा उघडून बसा. 'कार व्हील्स'मधलं 'लेक चार्ल्स' हे तिच्या वारलेल्या मित्राचं गाणं. तो जन्मला टेक्सासमधल्या नॅकडोचेसला, पण सांगायचा मात्र आपण लेक चार्ल्सचे म्हणून. लुइझियानातलं लेक चार्ल्स हे ल्युसिंडाचं स्वतःचं जन्मगाव. आपण "मूळचे कुठले?" विचारतो तेव्हा माणूस जन्माचं गाव सांगतो की मनातलं, तोच हा प्रश्न. ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला जाताना मी त्या गावावरून जातो. नदीवरचा पूल उभा चढतो, कठड्याला एकमेकांवर तिरक्या धरलेल्या पिस्तुलांची लोखंडी नक्षी आहे, वर पोचलं की तेलशुद्धीकरणाचे कारखाने दिसतात. मी तिथे दर वेळी तेच गाणं लावतो.

आणि 'कार व्हील्स'चं शेवटचं गाणं, 'जॅक्सन'. एक बाई माणसाला सोडून निघालीय आणि प्रत्येक गावाचं नाव घेऊन म्हणतेय की तिथे पोचले की तुझी आठवण येणार नाही. लाफायेट, बॅटन रूज, व्हिक्सबर्ग, जॅक्सन. नकाशावर बोट ठेवून ही चार गावं जोडा, आणि एका गावापासून दुसरं किती लांब आहे ते बघत ऐका.