जर्मनीत संगणकीय रसायनशास्त्राची पीएचडी: निघण्याआधी प्रकल्प आणि पेपर यांची आखणी

तू शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. झालीस, जर्मनीत उत्प्रेरकांवर गणनं करणाऱ्या एका गटात पीएचडीची जागा मिळाली, आणि ऑक्टोबरात निघायचंय. तुझे प्रश्न तीन. मुदतीत पेपर निघतील असा प्रकल्प कसा आखायचा, पेपर छापायला पैसे लागतात का, आणि एम.एस्सी.चं अर्धवट राहिलेलं काम कुठं बसवायचं. नऊ वर्षांपूर्वी मी पुण्याहून हेच प्रश्न घेऊन आले होते, तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घड्याळ समजून घे. इथं पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा विद्यापीठातली मुदतीची नोकरी. वेतनश्रेणी टीव्ही-एल ई-१३ (राज्यांच्या सरकारी नोकरांच्या वेतन करारातली एक श्रेणी), पण रसायनशास्त्रात तिच्या पगाराचा सहसा ५० ते ६७ टक्के भाग मिळतो. काम मात्र पूर्ण वेळाचं असतं. पीएचडी होईपर्यंत अशा मुदतीच्या करारांवर जास्तीत जास्त ६ वर्षं राहता येतं, पण पहिला करार तीन वर्षांचा, कधी त्याहूनही कमी असतो. तुझा राहण्याचा परवाना याच कराराला बांधलेला असतो. त्यामुळे तिसऱ्या वर्षी हातात पेपर नसेल तर नुसती पदवी लांबत नाही, घरभाड्यापासून सगळं डगमगतं. तुझ्या विद्याशाखेची पीएचडीची नियमावली आत्ताच मागवून वाच. काही ठिकाणी छापलेले पेपर एकत्र बांधून प्रबंध देता येतो, काही ठिकाणी नाही. तुझी भारतीय पदवी विद्याशाखेकडून मान्य करून घेण्याचं कामही पहिल्याच महिन्यात उरक, ते आपोआप होत नाही.

आता मूळ मुद्दा, प्रश्न निवडण्याचा. आपल्या शास्त्रात काय मोजता येतं यापेक्षा किती अचूक मोजता येतं हे आधी विचारायचं. २५ अंश सेल्सिअसला २० किलोकॅलरीचा (दर मोलला) अडथळा, म्हणजे ओलांडावा लागणारा ऊर्जेचा चढ, असलेली अभिक्रिया मिनिटभराच्या आत अर्धी होते. तोच अडथळा २५ किलोकॅलरी असला तर अर्धी व्हायला पावणेतीन दिवस लागतात. म्हणजे पाच किलोकॅलरीच्या चुकीत चहा होईतो संपणारी अभिक्रिया आणि जवळजवळ न होणारी अभिक्रिया यांची अदलाबदल होते. आणि धातूच्या संयुगांवर साध्या डीएफटीची (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारी आपली नेहमीची पद्धत) चूक दोन-तीन किलोकॅलरी सहज असते, कधी जास्तही.

म्हणून तुझे गाईड जे दोन-तीन विषय समोर ठेवतील त्यातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचार: मला हवं असलेलं उत्तर किती किलोकॅलरीच्या फरकावर उभं आहे? दोन संभाव्य मार्गांत आठ किलोकॅलरीचा फरक दिसणार असेल तर काम भरवशाचं. अडीचचा असेल तर सहा महिन्यांनी तू काही सांगशील आणि पहिलाच रेफरी फंक्शनल (डीएफटीतलं ऊर्जेचं अंदाजी सूत्र) बदलून पाहायला सांगेल आणि उत्तर उलटं येईल. निवडक्षमतेचं, म्हणजे दोन संभाव्य उत्पादांपैकी कोणता जास्त बनतो हे काढण्याचं, काम वेगळं. तिथं दोन किलोकॅलरीच्या फरकाने ९७ विरुद्ध ३ असं प्रमाण येतं, म्हणजे फरक बारीकच. पण दोन्ही संक्रमण अवस्था (अडथळ्याच्या माथ्यावरच्या रचना) एकमेकींसारख्या असल्याने चुका बऱ्याच अंशी कटतात. हा भेद मला दुसऱ्या वर्षी कळला, तुला आधी कळावा.

माझे पहिले आठ महिने कसे गेले तेही सांगते. ऱ्होडियमचं एक संयुग होतं, लांब बाजू असलेलं फॉस्फीन लिगंड (धातूला जोडलेला फॉस्फरसचा रेणू). मी स्फटिकाची रचना घेतली, तिच्यावरून संपूर्ण उत्प्रेरक चक्र बांधलं, चित्रं सुंदर आली, गटाच्या बैठकीत कौतुक झालं. मग एका सहकाऱ्याने विचारलं, कन्फॉर्मर (एकाच रेणूच्या वेगवेगळ्या वळणांतल्या रचना) शोधलेस का? शोधले नव्हते. स्फटिकात रेणू शेजाऱ्यांमुळे ज्या वळणात बसतो त्याच वळणात तो द्रावणात राहील असं नाही. शोध घेतला तर तीन किलोकॅलरीहून खालची रचना निघाली आणि सगळा ऊर्जा-आलेख हलला. आठ महिन्यांतलं पाच महिन्यांचं काम परत करावं लागलं. त्या पाच महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं, कारण आज हा शोध स्वस्त आहे. बॉनच्या स्टेफान ग्रिमे यांच्या गटाने केलेली जीएफएन-टू-एक्सटीबी पद्धत आणि क्रेस्ट हा प्रोग्रॅम एका रात्रीत शेकडो वळणं चाळतो. मग आर-टू-स्कॅन-थ्री-सी सारख्या स्वस्त पद्धतीने रचना सुधारायच्या, आणि शेवटच्या ऊर्जेसाठी मोठा बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणाऱ्या गणिती फलनांचा संच), चांगलं हायब्रिड फंक्शनल, द्रावकाचं मॉडेल. ग्रिमे आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये डीएफटीच्या चांगल्या रिवाजांवर सविस्तर लेख छापलाय. तो निघण्याआधी दोनदा वाच. आपल्याकडे अजून कित्येक प्रबंधांत विक्षेपण-दुरुस्तीशिवायचं (रेणूंमधलं क्षीण आकर्षण न धरणारं) बीथ्रीएलवायपी हे जुनं फंक्शनल आणि छोटा बेसिस सेट दिसतो, म्हणून सांगतेय.

सरावाला कोल्हापुरातच सुरुवात कर. ऑर्का हा क्वांटम रसायनशास्त्राचा प्रोग्रॅम म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत फ्रांक नेसे यांच्या गटात वाढला आणि शैक्षणिक वापराला नोंदणी करून फुकट मिळतो. लॅपटॉपवर दहा-बारा अणूंची संक्रमण अवस्था शोध. एकच इमॅजिनरी फ्रिक्वेन्सी (संक्रमण अवस्थेची खूण असलेली काल्पनिक कंपनसंख्या) आली म्हणून थांबू नकोस, तिच्या दोन्ही बाजूंना उतरून अभिकारक आणि उत्पाद खरोखर तेच येतात का ते पाहा. द्रावणातल्या ऊर्जांसाठी एक वातावरण दाबावरून एक मोलार सांद्रतेवर यायची १.८९ किलोकॅलरीची दुरुस्ती असते. दोन रेणूंचा एक होतो तिथं ती विसरली की अडथळा तेवढाच चुकतो. माझ्या वाचनात ही चूक छापील पेपरांतही आलीय.

इथं संगणकाची चणचण नसते, पण वेळ मागून घ्यावा लागतो. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये जाणार असशील तर उल्मचा जस्टस-२ हा क्लस्टर (संगणकांचा समूह) खास संगणकीय रसायनशास्त्र आणि क्वांटम विज्ञानासाठी आहे. देशपातळीवर एनएचआर या महासंगणकांच्या जाळ्यातल्या केंद्रांकडे प्रकल्पाचा अर्ज करावा लागतो. त्यात किती गणनं, प्रत्येकाला किती कोअर-तास, का, हे लिहायचं असतं. हा अर्ज तू स्वतः लिही, गाईडवर सोडू नकोस. तो लिहिताना पेपराचा आराखडा आपोआप तयार होतो, आणि कोणतं गणन करायचंच नाही हेही ठरतं.

पेपर लिहायला पहिल्या महिन्यापासून बस, हे मी अक्षरशः म्हणतेय. एक फाईल उघड आणि पद्धतीचा परिच्छेद आज लिही: प्रोग्रॅमची नेमकी आवृत्ती, फंक्शनल, ग्रिड, द्रावक, तापमान. दोन वर्षांनी आठवत नाही. तीन-चार फंक्शनलांची तुलना आणि लिगंडच्या बाजू कापून केलेल्या छोट्या मॉडेलवर डीएलपीएनओ-सीसीएसडी(टी) या डीएफटीहून अचूक पण महाग पद्धतीचं एक मोजमाप सुरुवातीलाच करून ठेव. रेफरीचं पहिलं पत्र नेहमी "हेच फंक्शनल का?" याने सुरू होतं, आणि उत्तर तयार असलं की तीन महिने वाचतात. प्रयोग करणाऱ्या गटाबरोबर काम असेल तर लेखकांची नावं कोणत्या क्रमाने येतील आणि गणनांचा वेगळा पेपर करता येईल का, हे पहिल्या भेटीतच विचार. आपल्याला असं विचारणं उद्धट वाटतं. इथं ते रोजचं आहे, आणि न विचारता राहिलेल्यांचं नाव शेवटून दुसरं येतं.

फायली जपण्याबद्दल एक खरी गोष्ट. एनएमआरची (रेणूची रचना ओळखायच्या चुंबकीय पद्धतीची) मूल्यं काढायची एक स्क्रिप्ट २०१४ मध्ये छापली गेली होती. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या गटाच्या लक्षात आलं की तोच डेटा वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर दिला की उत्तरं वेगळी येतात, कारण प्रत्येक सिस्टिम फायली आपल्या क्रमाने वाचते. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. स्क्रिप्ट उघडी होती म्हणूनच चूक सापडली. तुझ्या पेपरासोबत सगळे कोऑर्डिनेट, ऊर्जा, इनपुट आणि स्क्रिप्ट झेनोडो या खुल्या डेटा-भांडारावर ठेव, तिथं कायमचा क्रमांक मिळतो.

पैशांचं सोपं आहे. जर्मनीतल्या विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी प्रकाशकांशी केलेल्या डील करारांनुसार वायली, स्प्रिंगर नेचर आणि एल्सव्हियर यांच्या बहुतेक नियतकालिकांत सर्वांना खुला पेपर छापण्याचा खर्च संस्थांमार्फत भागतो. अट एवढीच की पत्रव्यवहार करणारा लेखक करारातल्या संस्थेचा हवा. अमेरिकन केमिकल सोसायटीसाठी ग्रंथालयात विचार. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचं 'केमिकल सायन्स' वाचायला आणि छापायला दोन्ही फुकट आहे, पण तिथं निवड कडक. जुन्या पद्धतीने, वर्गणीवाल्या नियतकालिकात छापायला सहसा काहीच लागत नाही, म्हणून पैशांसाठी पत्र पाठवणाऱ्या अनोळखी नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नकोस. पेपर पाठवताना मसुदा केमआरकाइव्ह या रसायनशास्त्रातल्या मसुद्यांच्या संकेतस्थळावर टाकता येतो. निवडलेलं नियतकालिक चालवून घेतं का ते आधी पाहा, आणि सगळ्या सहलेखकांना विचार.

राहिलं एम.एस्सी.चं काम. ते जर्मनीत आणून नव्या गटाच्या नावावर छापू नकोस. काम कोल्हापुरात झालं, तर पत्ता शिवाजी विद्यापीठाचाच, नवा पत्ता तळटीपेत "सध्याचा पत्ता" म्हणून. पत्रव्यवहार तुझ्या तिथल्या गाईडनी करावा. तू सांगितलंस त्यावरून दोन संक्रमण अवस्था आणि एक तुलना एवढंच बाकी आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत ते होईल. मात्र विद्यापीठाच्या मशीनवरच्या आउटपुट फायली याच आठवड्यात उतरवून घे, एक प्रत गाईडकडे आणि एक स्वतःकडे. खातं बंद झालं की त्या परत मागायला तिथं तुझ्या ओळखीचं कुणी असेलच असं नाही.