गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरचा विमा काढलाय का?

मागच्या अंकात हॉटेलच्या आगीच्या विम्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर जे मेसेज आले त्यातले बरेचसे आगीबद्दल नव्हतेच, सायबर विम्याबद्दल होते. एजंट लोक हल्ली हॉटेलवाल्यांच्या मागे लागलेत असं दिसतंय, आणि समजावून कोणी सांगत नाहीये. म्हणून यावेळचं अख्खं सदर याच विषयावर. पत्रं थोडी कापलीत, नावं काढलीत.

प्रश्न : ताई, नाशिकला आमचं मिसळीचं हॉटेल आहे, दोन ब्रँच, वडिलांनी चालू केलेलं. आगीचा विमा आहे, चोरीचाही आहे. आता एजंट म्हणतो सायबर लायबिलिटी घ्या. आमच्याकडे रस्सा आणि पाव, हॅकर येऊन काय नेणार?

उत्तर : दादा, रविवारी सकाळी तुमच्याकडे वेटिंग असतं ना, तेव्हा दारातला मुलगा नाव आणि मोबाईल नंबर टॅबवर टाकून घेतो. बिल करताना परत नंबर विचारतात. पार्सलवाल्यांचे पत्ते सिस्टीममध्ये राहतात, आणि नुसता पत्ता नसतो तो. एका ओळखीच्या हॉटेलात काउंटरवर बसले होते तेव्हा स्क्रीनवर मी स्वतः वाचलंय, 'तिसरा मजला, बेल वाजवू नका, बाळ झोपलंय, दुपारी घरी एकटीच असते'. वाचून पोटात गोळा आला, कारण त्या बाईने ते डिलिव्हरीवाल्या पोराला सांगितलं होतं, मला नाही. रस्सा कोणी नेणार नाही, हे नेतील.

आणि हे झालेलं आहे. २०१७ साली झोमॅटोच्या जवळपास १ कोटी ७० लाख युजर्सची माहिती चोरीला गेली होती. २०२१ मध्ये डॉमिनोजच्या भारतातल्या १८ कोटी ऑर्डर्सचा डेटा आपल्याकडे आहे असा दावा हॅकरने केला आणि मे महिन्यात डार्क वेबवर चक्क एक सर्चचं पान टाकलं, फोन नंबर घाला, त्या माणसाने काय मागवलं, कुठे मागवलं ते बघा. कार्डची माहिती सुरक्षित आहे असं कंपनीने सांगितलं, पण घराचा पत्ता कार्डासारखा ब्लॉक करून नवीन मागवता येत नाही.

तुम्ही म्हणाल, त्या मोठ्या कंपन्या, आम्ही कुठे. पण छोट्या हॉटेलला मार बसतो तो बहुतेक वेळा वेगळ्याच बाजूने. वर म्हटलं त्याच हॉटेलातली गोष्ट, रविवार दुपारचा एक वाजला होता, सगळी टेबलं भरलेली, आणि बिलिंगच्या कॉम्प्युटरवर एक लाल पाटी आली, तुमच्या फाइल्स लॉक केल्यात, पैसे भरा. किचनमधला केओटीचा, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी छापणारा, प्रिंटर गप्प. वेटर ओरडून ऑर्डर सांगायला लागले, कोणाची सोलकढी कोणाच्या टेबलावर, ऑनलाइन ऑर्डरचा टॅब त्याच सिस्टीमला जोडलेला म्हणून तोही बंद, आणि मालकांना सगळ्यात जास्त लागलं ते हे की गेल्या ३ वर्षांची खरेदीची बिलं, व्हेंडरची उधारी, सगळं त्याच मशीनवर. बॅकअप पेनड्राइव्हवर होता आणि पेनड्राइव्ह त्याच मशीनला लावून ठेवलेला, त्यामुळे तोही लॉक. पुढचे ९ दिवस हाताने बिलं. जानेवारी २०२३ मध्ये केएफसी, पिझ्झा हटवाल्या यम ब्रँड्सवर असाच हल्ला झाला तेव्हा ब्रिटनमधली जवळपास ३०० रेस्टॉरंट्स एक दिवस बंद ठेवावी लागली होती. त्यांच्याकडे आयटीची फौज, तुमच्याकडे भाचा.

आता तुमचा आगीचा विमा. तो बहुतेक भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा असेल, ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी असते ती. कॉम्प्युटर जळला तर त्याचे पैसे मिळतील. पण कॉम्प्युटर ठणठणीत आहे आणि आतलं सगळं गेलंय, यात ती पॉलिसी काहीच करत नाही. चोरीची पॉलिसी दार-कुलूप फोडल्याच्या खुणा मागते, हॅकर कुलूप फोडत नाही. ही जी फट आहे ना, तिथे सायबर पॉलिसी बसते. तिचे दोन भाग. एक तुमचं स्वतःचं नुकसान, म्हणजे तपास करणाऱ्या एक्स्पर्टची फी, डेटा परत उभा करायचा खर्च, धंदा बंद राहिला त्याची भरपाई. दुसरा भाग लायबिलिटी, म्हणजे गिऱ्हाईक किंवा दुसरं कोणी तुमच्यावर दावा ठोकला तर वकील आणि भरपाई.

हा दुसरा भाग इथून पुढे महत्त्वाचा होणार आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होतायत. त्यात डेटा नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे. घाबरू नका, ती कमाल मर्यादा आहे, मिसळीच्या हॉटेलला कोणी २५० कोटी लावणार नाही, चूक केवढी आणि परिणाम केवढा हे बघूनच ठरतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याकडून डेटा फुटला तरी कायद्याच्या नजरेत जबाबदार तुम्ही, कारण गिऱ्हाइकाने नंबर तुम्हाला दिला होता. दंडाची रक्कम पॉलिसी भरेलच असं धरून चालू नका, बहुतेक ठिकाणी 'कायद्याने चालत असेल तरच' असं लिहिलेलं असतं. वकिलाचा आणि चौकशीचा खर्च मात्र बऱ्याचदा बसतो.

तर हो, दोन ब्रँच आणि एवढी गिऱ्हाइकी असताना घ्याच असं माझं मत. फक्त एजंटने दिलेलं चकचकीत ब्रोशर बघून सही करू नका, पॉलिसीचं वर्डिंग, म्हणजे अटींचा पूर्ण मजकूर, मागा.

प्रश्न : पुण्यात माझं घरगुती केटरिंग आहे. मागच्या महिन्यात फोन आला, मिलिटरीतून बोलतोय, जवानांसाठी जेवणाची ऑर्डर आहे, ॲडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर पाठवला, आधी ५ रुपये आले पण, मग परत स्कॅन करायला लावून ४८ हजार गेले. सायबर पॉलिसी असती तर मिळाले असते का?

उत्तर : ताई, आधी हे, यात तुमचा मूर्खपणा नाही. हे लोक दिवसभर हेच करतात, युनिफॉर्ममधलं ओळखपत्र पाठवतात, आवाजात दरारा असतो, आणि तुम्ही तिकडे तांदूळ भिजत घातलेला असतो. हॉटेल-केटरिंगवाल्यांनाच गाठतात कारण आपण मोठ्या ऑर्डरला नाही म्हणत नाही. एवढंच पक्कं धरा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून जातायत.

पॉलिसीचं उत्तर कडू आहे, बहुधा मिळाले नसते. कारण तुमची सिस्टीम कोणी हॅक केली नाही, तुम्हाला फसवून तुमच्याच हाताने पैसे पाठवायला लावले. विमावाले याला सोशल इंजिनीअरिंग म्हणतात आणि साध्या सायबर पॉलिसीत हे एकतर वगळलेलं असतं नाहीतर फार छोट्या रकमेपुरतं असतं. आणि आपल्याकडच्या छोट्या हॉटेलवाल्यांचे पैसे तर सगळ्यात जास्त याच वाटेने जाताना मी बघते! म्हणून घेताना थेट विचारा, 'मला फसवून ट्रान्स्फर करायला लावलं तर कव्हर आहे का, किती रुपयांपर्यंत?' आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी 'हो हो मॅडम सगळं कव्हर आहे' याला काडीची किंमत नाही.

पैसे गेल्या-गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा, पहिल्या तासाभरात केलात तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता यायची शक्यता बरीच जास्त असते. तुम्ही दुसऱ्या दिवशी केलात असं पत्रात पुढे लिहिलंय. तरी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली नसेल तर आजच टाका, बँकेला लेखी द्या.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला छोटं रेस्टॉरंट चालवतो, थालीपीठ, वडापाव, वीकेंडला पुरणपोळी. सायबर पॉलिसी गेल्या वर्षी घेतलीय. मग आता निश्चिंत ना?

उत्तर : तुम्ही अमेरिकेत आहात म्हणून तिथलीच केस सांगते, हॉटेलच्या सायबर विम्याबद्दल मला जेवढं कळलं त्यातलं निम्मं या एका केसमधून कळलं.

पी. एफ. चँग्स ही चायनीज रेस्टॉरंट्सची मोठी साखळी. जून २०१४ मध्ये त्यांना कळलं की गिऱ्हाइकांच्या कार्डांचे नंबर चोरीला गेलेत, साधारण ६० हजार. सिस्टीमवर भरवसाच राहिला नाही म्हणून काही दिवस त्यांनी कार्डाचा कार्बनवर ठसा घेणारी जुनी हातमशीनं बाहेर काढली. त्यांच्याकडे सायबर पॉलिसी होती, साधीसुधी नाही, वर्षाला १ लाख ३४ हजार डॉलर प्रीमियमची. विमा कंपनीने तपास आणि कोर्टकचेरीचे मिळून १७ लाख डॉलर दिलेही. मग आलं खरं बिल. मास्टरकार्डने, झालेले फ्रॉड आणि नवीन कार्डं छापायचा खर्च म्हणून, रेस्टॉरंटचं कार्ड पेमेंट सांभाळणाऱ्या बँकेला साधारण १९ लाख डॉलर लावले, आणि बँकेने करारावर बोट ठेवून ते रेस्टॉरंटकडून घेतले. विमा कंपनी म्हणाली हे आम्ही देणार नाही. २०१६ मध्ये ॲरिझोनाच्या फेडरल कोर्टाने विमा कंपनीचं ऐकलं, कारण पॉलिसीत लिहिलं होतं की तुम्ही कराराने स्वतःहून अंगावर घेतलेली जबाबदारी कव्हर नाही.

विचार करा, कार्ड घेणाऱ्या रेस्टॉरंटला डेटा फुटल्यावर सगळ्यात मोठं बिल येतं तेच नेमकं पॉलिसीच्या बाहेर. फसवणूक नव्हती ती, वर्डिंगच तसं होतं आणि कोणी ते कार्डवाल्या बँकेच्या कराराशेजारी ठेवून वाचलं नव्हतं.

लँड्रीज नावाच्या दुसऱ्या रेस्टॉरंट कंपनीचं उलट झालं, तिच्यावर असाच २ कोटी डॉलरचा दावा आला आणि २०२१ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की साध्या लायबिलिटी पॉलिसीवरसुद्धा विमा कंपनीने तिची केस लढवली पाहिजे. पण त्या भरवशावर राहू नका, हल्ली साध्या लायबिलिटी पॉलिसीत डेटा फुटण्याबद्दल वेगळं वगळणारं कलम घातलेलं असतं.

तुम्ही करायचं ते एवढंच, पॉलिसी आणि कार्ड प्रोसेसरचा करार, दोन्ही टेबलावर शेजारीशेजारी ठेवा, ब्रोकरला बसवा आणि विचारा, 'पीसीआय असेसमेंट, म्हणजे डेटा फुटल्यावर कार्ड कंपन्या लावतात ते बिल, कव्हर आहे का? कुठल्या पानावर?' पान दाखवलं नाही तर निश्चिंत होऊ नका.

प्रश्न : आमच्या थाळी हॉटेलच्या नावाने फेसबुकवर खोटी जाहिरात फिरतेय, 'एका थाळीवर दोन थाळ्या फ्री', लोक लिंकवर १० रुपये भरतात, ॲप टाकतात, खातं साफ होतं आणि भांडायला आमच्या दारात येतात. आम्ही जबाबदार आहोत का?

उत्तर : तुमच्या सिस्टीममधून काही फुटलं नसेल तर सहसा नाही. पण कोणी नोटीस पाठवली तर उत्तर द्यायला वकील लागणारच, आणि काही सायबर पॉलिसीत तो खर्च आणि नाव सावरायचा खर्च असतो. तोपर्यंत पोलिसात तक्रार, जाहिरात रिपोर्ट, आणि दारावर मोठ्या अक्षरात पाटी की आमची अशी ऑफर नाही. आलेल्या माणसावर चिडू नका, त्याला तिथेच बसवून १९३० लावून द्या, आधी पाणी द्या.

प्रश्न : म्हापशाला आमचं फिश थाळीचं रेस्टॉरंट आहे. सायबर पॉलिसीच्या फॉर्ममध्ये विचारलंय, बॅकअप वेगळा ठेवता का, ओरिजिनल सॉफ्टवेअर आहे का, पासवर्ड प्रत्येकाला वेगळा आहे का. आमचं तसं काही नाही. एजंट म्हणतो सगळीकडे 'हो' लिहा, कोण बघतंय.

उत्तर : नाही. अजिबात नाही. क्लेमच्या वेळी बघतात, तेव्हाच बघतात. विमा कंपनीचा माणूस येऊन पहिल्यांदा तुमचा फॉर्मच उघडतो, आणि मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेला पासवर्ड दिसला की वर्षानुवर्षं भरलेला प्रीमियम पाण्यात. विमा दोन्ही बाजूंच्या खरेपणावर चालतो, खोटी माहिती दिली म्हणून पॉलिसीच रद्द ठरू शकते. आणि तो एजंट तेव्हा फोन उचलणार नाही.

त्यापेक्षा पंधरा दिवस थांबा आणि 'हो' खरं करा, फार खर्च नाही. बॅकअप रोज रात्री, झाला की ड्राइव्ह काढून घरी न्यायचा. गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं, बिलिंगचं वेगळं, हे राउटरवर दहा मिनिटांचं काम आहे. क्रॅक केलेलं विंडोज काढून टाका. सोडून गेलेल्या कॅप्टनचं लॉगिन त्याच दिवशी बंद. गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर, वहीत किंवा फोटोतसुद्धा, कुठेही ठेवायचा नाही. आणि जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर उगाच साठवून ठेवलेत ते पुसून टाका, जे ठेवलंच नाही ते चोरीला जात नाही.

पॉलिसीत अजून दोन-तीन गोष्टी बघा. धंदा बंद राहिल्याची भरपाई पहिल्या मिनिटापासून नसते, आधीचे काही तास तुमचे, ८ किंवा १२ असे, रेस्टॉरंटची दुपार तेवढ्यात संपते म्हणून तो आकडा कमी करून मागा. वीज गेली, इंटरनेट कंपनीचंच नेट गेलं, हे बहुतेक बाहेर असतं. ही पॉलिसी बहुधा 'क्लेम आला त्या वर्षाची' असते, म्हणजे दावा येईल तेव्हा पॉलिसी चालू असावी लागते, म्हणून मध्ये खंड पडू देऊ नका. आणि काही झालं तर मशीन फॉरमॅट करू नका, आधी कंपनीला कळवा, पुरावा त्यातच असतो. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला ६ तासांत कळवायचं असाही एप्रिल २०२२ चा आदेश आहे, तो नंबर आणि विमा कंपनीचा नंबर गल्ल्याशेजारी कागदावर लिहून लावा, कॉम्प्युटरमध्ये नको.

फॉर्म स्वतःच्या हाताने भरा, आणि सही करायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.