टर्बोला तेल कुठून येतं ते सगळे विचारतात, जातं कुठे ते कोणी नाही

बाहेरून टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवलेल्या गाड्यांचे प्रश्न पुन्हा साचलेत. तोच घोळ आहे, म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

टर्बोसाठी वेगळं तेल भरावं लागतं का? (सातपूर)
नाही. बहुतेक टर्बोत इंजिनाचंच तेल फिरतं.

दुकानदार ‘टर्बो स्पेशल’ ऑइल आणि वर अ‍ॅडिटिव्हची बाटली देतोय. घेऊ? (सिडको)
बाटली परत करा. डब्यावरचं चित्र सोडा, मागचा ग्रेड (तेलाच्या घट्टपणाचा आकडा) वाचा आणि गाडीच्या पुस्तकाशी ताडून बघा. फुल सिंथेटिक घ्या, पुस्तकात दिलंय त्याआधी बदला. टर्बोमुळे ग्रेड बदलायचा का, हे ट्यूनिंग करणाऱ्याला विचारा, काउंटरवर नव्हे.

नवा टर्बो, दोन महिन्यांत निळा धूर. मिस्त्री म्हणतो माल डुप्लिकेट, दुसरा घ्या. (सिन्नर)
थांबा. पैसे मोजण्याआधी गाडी रॅम्पवर घ्या आणि रिटर्न पाइप, म्हणजे टर्बोतलं तेल परत इंजिनात नेणारी नळी, बघा. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तेल आत येतं पंपाच्या दाबाने. बाहेर पडतं ते फक्त स्वतःच्या वजनाने, तेही फेसाळलेलं. म्हणून येणारी नळी पेन्सिलीएवढी चालते, जाणारी अंगठ्याएवढी लागते. सरळ उतरती हवी, आणि चेंबरला (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला) जोडायची ती तेलाच्या पातळीच्या वर. टर्बोची सीलं रबरी नसतात, पिस्टनच्या रिंगांसारखी असतात. आत तेल तुंबलं की ती थोपवत नाहीत. तोच तुमचा निळा धूर.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक गाडी आली, तिसऱ्या टर्बोची तयारी करून. रिटर्नला रेडिएटरचा होज, मध्ये पोट सुटल्यासारखा लोंबलेला. फ्लँज (पाइपाचा जोड) खोलली तर सांध्याला लावलेलं सिलिकॉन आत ओघळून निम्मं भोक बुजलेलं. पाइप बदलला. टर्बो तोच आहे, अजून चालतोय.

पाइप ठीक निघाला तर ब्रीदर (चेंबरमधली कोंडलेली हवा सोडणारी नळी) आणि कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. चेंबरमध्ये दाब वाढला तरी तेल उतरत नाही. टर्बो चेंबरपेक्षा खाली बसवला असेल तर तेल ओढणारा पंप लागतोच. हे फोटोवरून सांगता येत नाही, जाणत्या माणसाला गाडी दाखवा.

ऑइलच्या नळीत रिस्ट्रिक्टर (तेल कमी सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) घालू का? (ओझर)
बॉल बेअरिंगच्या टर्बोला सहसा लागतो, बुशच्या (गोळ्यांऐवजी साध्या कड्यात फिरणाऱ्या) टर्बोला सहसा नाही. बनवणाऱ्याच्या कागदात भोकाचं माप असतं. मित्राने घातला म्हणून घालू नका.

गाडी बंद करण्याआधी आयडलवर ठेवायची, हे खरं का? (नाशिकरोड)
कसारा घाट दामटून इगतपुरीला वड्यासाठी थांबलात तर एक-दोन मिनिटं ठेवा. लगेच बंद केली की तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल जळून कोळसा होतं. कॉलेज रोडच्या गर्दीत रांगत आलात तर गरज नाही.

टर्बोखाली तेल टपकतंय, पण थोडंच. दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल? (पंचवटी)
नाही. टर्बोला चिकटूनच तापलेला एक्झॉस्ट असतो, त्यावर तेल पडलं तर पेट घेऊ शकतं. उद्या सकाळी गॅरेजला न्या, तीही टो करून.